अहिल्याबाईंची खासगी

अहिल्याबाई होळकरांचे नाव ठाऊक नाही अशी बाई आपल्या गावात शोधून सापडणार नाही. डोईवर पांढरा पदर आणि हातात शिवलिंग, ही तसबीर शाळेत असते, पंचायतीत असते. जयंतीला आपण हार घालतो, पुण्यश्लोक म्हणतो आणि काशी, सोमनाथ, गया अशी देवळांची नावे घेऊन भाषण संपते. देवळे त्यांनी बांधली हे तर खरेच. पण देऊळ नुसत्या भक्तीवर उभे राहत नाही, त्याला चुना लागतो, दगड लागतो, गवंड्याची मजुरी लागते. हा पैसा आला कुठून, तो कोणाच्या नावावर होता, त्याचा जमाखर्च कोण पाहत होते, हे भाषणात कधी येत नाही. आपल्या मंडळात बचत गट चालतो, महिन्याच्या महिन्याला वही उघडते. तेव्हा वहीवाल्या अहिल्याबाईंची हकीकत सांगावी असे मला वाटले.

जामखेड तालुक्यातले चौंडी हे त्यांचे माहेर. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. जन्म ३१ मे १७२५ चा. मुलींनी शिकण्याची त्या काळी रीत नव्हती, तरी माणकोजींनी घरच्या घरी लिहिण्यावाचण्यापुरते शिकविले. वयाच्या आठव्या वर्षी, १७३३ साली, मल्हारराव होळकरांचा मुलगा खंडेराव याच्याशी त्यांचे लग्न झाले. मल्हारराव धनगर कुळातले. लहानपणी मामाच्या आश्रयाला वाढलेले आणि पुढे तलवारीच्या जोरावर पेशव्यांचे मोठे सरदार झालेले. घर नवे श्रीमंत, पण माणसे कष्टातून वर आलेली, म्हणून पैशाची किंमत जाणणारी.

ह्या घरात अहिल्याबाईंना सासू भेटली ती गौतमाबाई. इथे थोडे थांबून सांगते, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १७३४ साली, बाजीराव पेशव्यांनी होळकरांच्या जहागिरीतून काही महाल वेगळे काढून गौतमाबाईंच्या नावाने करून दिले. त्याचे उत्पन्न वर्षाला जवळजवळ तीन लाख रुपये होते. ह्याला म्हणत खासगी. सरदाराला फौजेसाठी जो मुलूख मिळे ती दौलत. तिचा पैसा घोडे, शिपाई, तोफा ह्यांना जायचा आणि लढाई हरली तर दौलतही जायची. खासगी मात्र घरच्या बाईची. तिच्यावर फौजेचा बोजा नाही आणि तिचा हिशोबही निराळा. मल्हारराव सदा स्वारीवर, केव्हा काय होईल सांगता येत नाही. बाईच्या हाती तिची म्हणून काही मिळकत असावी, ही गोष्ट त्या काळी कोणाला तरी सुचली आणि ती कागदावर लिहून घेतली गेली, ह्याचे मला फार कौतुक वाटते. आपल्याकडे आज कर्ज बाईच्या नावावर निघते, अंगठा किंवा सही तिची, आणि पैसा मोजून घेतो घरधनी. हप्त्याच्या दिवशी मात्र शोध बाईचा होतो. त्यावरून खासगीचे मोल समजावे.

गौतमाबाई करारी होत्या. सुनेला त्यांनी स्वयंपाकघरात जसे वळण लावले तसे कचेरीतही लावले. वसुली कुठून किती यायची, कारकुनाने काय लिहिले, गावची तक्रार काय आहे, हे सासूच्या शेजारी बसून अहिल्याबाई शिकल्या. मामंजींनीही सून हुशार आहे हे ओळखले आणि तिच्यावर एकेक काम सोपवीत गेले. १७४५ साली मालेराव हा मुलगा झाला, १७४८ साली मुक्ताबाई ही मुलगी.

१७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले. अहिल्याबाई तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. सती जायची तयारी झाली होती. म्हाताऱ्या मल्हाररावांनी रडून, पदर पसरून त्यांना आडवले. मुलगा गेला, आता तूच माझा मुलगा, तू गेलीस तर हा सगळा पसारा कोण सांभाळील, असे त्यांचे म्हणणे होते. लोकनिंदा सोसून त्या मागे राहिल्या. मामंजींनीही शब्द पाळला. पुढे ते स्वारीवर असताना घरची व्यवस्था, वसुली, फौजेला लागणारे सामान ही सारी कामे अहिल्याबाईंकडे असत. १७६५ सालच्या एका पत्रात तर चंबळ ओलांडून ग्वाल्हेरला जावे, मोठ्या तोफा जवळ ठेवाव्यात, दारूगोळ्याची तजवीज करावी आणि वाटेत चौक्या बसवाव्यात, असे मल्हाररावांनी त्यांना लिहिले आहे. विधवा सुनेला सासऱ्याने लिहिलेले हे पत्र आहे, हे ध्यानात घ्यावे.

१७६१ साल पानिपतचे. त्याच साली गौतमाबाई वारल्या आणि खासगी सुनेकडे आली. सासूची थैली सुनेच्या हाती, मध्ये कोणी पुरुष नाही. १७६६ साली मल्हारराव गेले, आणि वर्ष पुरे होते न होते तोच, १७६७ साली, मालेरावही गेला. नवरा, सासू, सासरा, मुलगा, कोणीच राहिले नाही. आणि मग जे अशा घरी होते तेच झाले. सुतक फिटण्याआधी लोक तिजोरीकडे पाहू लागले.

गंगाधर यशवंत चंद्रचूड हे होळकरांचे दिवाण. त्यांचे म्हणणे पडले की बाईमाणसाने राज्यकारभाराच्या भानगडीत पडू नये. एखादे मूल दत्तक घ्यावे, कारभार आपण पाहू, बाईंनी नेमणूक घेऊन देवधर्म करावा. वरून पाहता हा सल्ला किती काळजीचा वाटतो! अहिल्याबाईंनी तो मानला नाही. एका धन्याची मी बायको, दुसऱ्याची आई, तेव्हा तिसरा कोण आणायचा ते मीच ठरवीन, असा त्यांचा जबाब होता. दिवाणजींनी राघोबादादांना पत्र घालून फौजेसह बोलाविले. दादा क्षिप्रेपर्यंत आले. इकडे अहिल्याबाईंनी शिंदे, गायकवाड, भोसले ह्यांना पत्रे पाठविली, पुण्याला माधवराव पेशव्यांना सगळे कळविले आणि स्वतः लढायची तयारी केली. आपण हरलो तर बायकांनी हरण्यात लाज नाही, पण दादा हरले तर बायकांकडून हरल्याचा डाग त्यांना जन्मभर लागेल, असा निरोप त्यांनी दिला म्हणतात. दादांनी मग आपण समाचाराला आलो आहोत असे सांगून वेळ निभावून नेली.

ह्याच दादांनी खजिन्यातले द्रव्य मागितले तेव्हाची एक गोष्ट जुनी माणसे सांगतात. अहिल्याबाईंनी म्हणे खासगीच्या द्रव्यावर तुळशीपत्र ठेवून ते दानधर्माला वाहून टाकले, आणि दादा ब्राह्मण आहेत, त्यांना हवे असेल तर संकल्प सोडून दान म्हणून देते, असे कळविले. दादांना ते कसे रुचावे! गोष्ट अशीच घडली की लोकांनी रंगविली, ते सोडून देऊ. खासगीच्या पैशाला त्यांनी फौजेकडे वळू दिले नाही, हे मात्र त्यांच्या पुढच्या सगळ्या कारभारावरून दिसते.

माधवराव पेशव्यांनी निकाल त्यांच्या बाजूने दिला. फौजेचे काम तुकोजी होळकरांकडे आणि मुलखाचा कारभार बाईंकडे अशी वाटणी झाली. तुकोजी वयाने बरोबरीचे, तरी त्यांना आई म्हणत. पण आई म्हटले म्हणून पैशाचा वाद टळत नाही. तुकोजी स्वारीवरून पैसे मागत, आणि अहिल्याबाई आधी मागच्या पैशाचा हिशोब मागत. ही ओढाताण जन्मभर चालली. फौज उपाशी राहिली तर राज्य कसे टिकेल, अशी तुकोजींची बाजूही काही खोटी नव्हती. तरी वही दाखविल्याशिवाय थैली उघडायची नाही, हा बाईंचा नेम सहसा मोडला नाही.

राहण्यासाठी त्यांनी नर्मदाकाठचे महेश्वर निवडले. त्यांच्यामागे तेवीस वर्षांनी, १८१८ साली, माळवा इंग्रजांकडे गेला, आणि जॉन माल्कम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तिथल्या जुन्या माणसांकडून त्यांची माहिती गोळा केली. १८२३ साली त्याचे पुस्तक निघाले. त्यात बाईंचा दिनक्रम आहे. पहाटे उजाडण्याच्या आधी तासभर उठत. स्नान, पूजा, पुराण, दान. मग साधे जेवण, थोडी विश्रांती, आणि दुपारपासून संध्याकाळी सहापर्यंत दरबार. पुन्हा पूजा, फराळ, आणि रात्री नवापासून अकरापर्यंत परत कागदपत्र. दरबार पडद्याआड नव्हता. गाऱ्हाणे कोणाचेही असो, स्वतः ऐकत. शेतसारा बेताचा, आणि पाटील, वतनदार, जमीनधारक ह्यांच्या पूर्वापार हक्काला धक्का नाही, ह्या दोन गोष्टींवर त्यांचा कारभार चाले. घरात दिवसभर राबून रात्री नऊ वाजता हिशोबाची वही घेणारी बाई काय असते, ते आपल्यातल्या पुष्कळजणींना समजेल.

आता विधवांची गोष्ट. त्या काळी पुष्कळ ठिकाणी निपुत्रिक सावकार मेला की सरकारी माणसे त्याच्या वाड्यावर टपून बसत. बाईला दत्तक घ्यायचा तर आधी नजराणा भरा, नाही तर सगळे सरकारजमा. सिरोंजचा एक श्रीमंत सावकार असाच वारला. तिथल्या अंमलदाराने त्याच्या विधवेकडे तीन लाख रुपये मागितले. ती बाई दत्तक घ्यायच्या मुलाला घेऊन थेट महेश्वरला आली. अहिल्याबाईंनी अंमलदाराला कामावरून काढले, दत्तक मान्य केला, मुलाला मांडीवर बसवून कपडे, दागिने आणि पालखी दिली आणि एक पैसा न घेता दोघांना घरी पाठविले. दुसऱ्या खेपेला खुद्द तुकोजींचा मुक्काम इंदूरला होता. तिथला एक सावकार मूलबाळ नसताना वारला, तेव्हा त्याच्या इस्टेटीतला वाटा घ्यावा असे जवळच्या लोकांनी त्यांच्या मनात भरविले. ती विधवाही महेश्वरला धावली. बाईंनी तिला वस्त्रे देऊन घराची आणि द्रव्याची मालकीण ठरविले, आणि तुकोजींना दोन ओळींचा हुकूम गेला की फौज इंदूरपासून दूर न्यावी आणि शहराला उपद्रव देऊ नये. तुकोजींनी तो मानला.

तीन लाख रुपये काही थोडे नव्हते. राज्याला ते सहज मिळत होते, रूढीही तशीच होती, कोणी नावे ठेवली नसती. पण ज्या बाईच्या स्वतःच्या तिजोरीवर लोक टपले होते तिला दुसरीच्या तिजोरीचे दुःख लगेच कळले असावे. शिवाय ह्यात शहाणपणही होते. आपला पैसा आपल्यामागे आपल्या बायकोला मिळेल ही खात्री पटली की सावकार गाव सोडून जात नाही. इंदूर तेव्हा लहान होते, ते बाईंच्या काळात भरभराटलेले शहर झाले, त्यात ह्या खात्रीचा वाटा आहे असे मला वाटते. कायद्याने हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत पुरी मालकी मिळाली ती १९५६ साली. मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलांबरोबर हक्क महाराष्ट्रात १९९४ साली आणि साऱ्या देशात २००५ साली मिळाला. आणि तरीही रक्षाबंधनाच्या आसपास बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेणारे भाऊ आपण पाहतो!

ह्यावरून एक सांगायचे राहिले. सातबारा हे नाव अहिल्याबाईंमुळे पडले, बारा झाडांतली सात शेतकऱ्याची आणि पाच सरकारची असा त्यांचा कायदा होता, असे हल्ली मोबाईलवर सारखे फिरते. ऐकायला गोड आहे, पण तसे नाही. तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा असे दोन नमुने असतात. सातमध्ये जमीन कोणाची ते, बारामध्ये पीक कोणते ते. दोन्ही एका कागदावर येतात म्हणून सातबारा. आपल्या नावाचा उतारा काढून तो वाचता येणे हे अशा गोष्टी पुढे पाठविण्यापेक्षा जास्त कामाचे आहे.

झाडे आणि पाणी ह्यांसाठी त्यांनी जे केले ते खरे आहे आणि पुष्कळ आहे. विहिरी, बारवा, तलाव, नदीचे घाट, धर्मशाळा आणि वाटसरूंना सावली. आपण वेरूळला जातो तेव्हा घृष्णेश्वराच्या जवळचे लाल दगडाचे पायऱ्यापायऱ्यांचे कुंड पाहतो, त्याचा जीर्णोद्धार त्यांचा. आपल्याच जिल्ह्यात अंबडला खंडोबाचे देऊळ त्यांनी बांधले असे सांगतात. बारवेचे काम नीट पाहावे. पायऱ्या अशा की पाणी खाली गेले तरी घागर घेऊन बाई तिथवर उतरू शकेल. बांधताना एकदाच काय तो खर्च, मग दीडदोनशे वर्षे पाणी. आपल्या भोकरदन तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहताना हा हिशोब चांगला समजतो.

महेश्वरच्या आसपास उन्हाळ्यात नांगरणाऱ्या शेतकऱ्याच्या बैलांना पाणी पाजायला बाईंची माणसे शेतात जात. आणि पाखरांसाठी त्यांनी उभ्या पिकाची शेते विकत घेऊन मोकळी ठेवली होती. ज्वारी हुरड्यात आली की आपण गोफण घेऊन माळ्यावर बसतो. शेतकऱ्याने पाखरे हाकलावीत हे त्यांना रास्तच वाटे, कारण दाणा त्याच्या पोटाचा आहे. पण हाकललेली पाखरे जातील कुठे? दुसऱ्याच्या नुकसानीवर पुण्य नको म्हणून त्यांनी दाम मोजून शेत घेतले. ह्यातला न्याय मला देवळांपेक्षा थोर वाटतो.

डोंगरातल्या भिल्लांचेही तसेच. ते वाटसरूंना लुटत. आधी बाईंनी कडक उपाय केले, शिक्षाही दिल्या. नंतर मात्र डोंगरातून जाणाऱ्या मालावर थोडी पट्टी घेण्याचा त्यांचा जुना हक्क मान्य केला. तिला भीलकवडी म्हणत. त्याच्या बदल्यात वाटेची राखण त्यांनी करायची आणि पडीक जमीन कसायची. चोराला मजुरी लावून दिली की तोच राखणदार होतो.

महेश्वरला त्यांनी बाहेरून विणकर आणून वसविले, घरे दिली, माग लावून दिले. दरबारी पाहुण्यांना अहेर करण्यासाठी लागणारी लुगडी आणि पागोटी तिथेच विणली जाऊ लागली. म्हणजे एरवी बाहेर गेला असता तो पैसा गावातच राहिला. किल्ल्याच्या भिंतीवरची आणि नर्मदेच्या लाटांची नक्षी लुगड्यांच्या काठावर उतरली. दान एका दिवसात खाऊन संपते, मागावर घर चालते.

इतके करून सुख किती मिळाले? नातू तरुणपणी गेला. १७९१ साली जावई यशवंतराव फणसे वारले आणि मुक्ताबाई सती जायला निघाली. आईने पायावर डोके ठेवले, विनवण्या केल्या. मुलीचे म्हणणे असे की तू म्हातारी आहेस, थोड्या दिवसांनी जाशील, मग मी कोणासाठी जगू. एका काळी स्वतः चितेपासून परतलेल्या बाईला पोटची पोर परतविता आली नाही. नर्मदेच्या काठी दोन माणसांनी धरून ठेवले असता त्यांनी ते डोळ्यांनी पाहिले. तीन दिवस अन्न घेतले नाही, कोणाशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवसानंतर पुन्हा कामाला बसल्या. इतक्या विधवांचे हक्क राखणाऱ्या बाईंच्या घरात हे घडले, हे वाचताना आजही घशाशी येते.

एका ब्राह्मणाने त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ लिहून आणला होता. तो त्यांनी शांतपणे ऐकून घेतला, आपण अशा स्तुतीला पात्र नाही असे सांगितले आणि ग्रंथ नर्मदेत टाकायला लावला. लिहिणाऱ्याची पुढे विचारपूसही केली नाही. हे वाचल्यावर माझा हा लेखही जरा बेतानेच लिहावा असे मनात आले.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरला त्यांचा अंत झाला. त्यांच्यामागे होळकरांची दौलत भावाभावांच्या भांडणात आणि लढायांत झिजत गेली आणि १८१८ च्या तहाने निम्मीशिम्मी उरली. खासगी मात्र चालू राहिली. होळकरांच्या घरातल्या राण्यांकडे ती पिढ्यान्पिढ्या वेगळ्या हिशोबाने येत गेली, आणि संस्थान विलीन झाल्यावर १९६२ साली तिचा विश्वस्त निधी करण्यात आला. देशभरच्या त्यांच्या देवळांची, घाटांची आणि धर्मशाळांची व्यवस्था त्याच्याकडे आली.

मागांचे मधल्या काळात हाल झाले. गिरणीच्या कापडापुढे महेश्वरी टिकेना. १९७८ साली होळकर घराण्यातल्या रिचर्ड आणि सॅली होळकर ह्यांनी रेवा सोसायटी काढली आणि महेश्वरच्या बायकांना माग शिकविण्यापासून आरंभ केला. आधी बायका बहुतेक सूत भरण्याचे, कांड्या करण्याचे काम करीत. आता किल्ल्याच्या आत मागावर त्याच बसतात, आणि विणाईची मजुरी त्यांच्या हातात पडते.